होडी एक, बैठकीत ठेवणे

"महिनाभरात मी पुन्हा माणसात येतो की नाही, बघच तू!"

भिंगरावांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांची बायको दारात उभी होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री, आणि बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून अख्खी गल्ली जागी करत होता. तिच्या धाकट्या बहिणीचा पाय मोडला होता. बहीण एकटी राहणारी, म्हणून बायको महिनाभर तिच्याकडे मुक्कामाला निघाली होती.

"अहो, माणसात नंतर या," ती म्हणाली. "आधी त्या फोनमधून मान वर काढा आणि ती पिशवी द्या!"

भिंगरावांनी मान वर काढली. पिशवी दिली. टॅक्सी गेली.

भिंगराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, मागच्या खोलीत ते स्वतः भिंगं घासत, आणि गल्लीने त्यांना हे नाव देऊन टाकलं होतं. दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावणं हा त्यांचा धंदा. आणि धंद्यातून उरलेला प्रत्येक क्षण ते फोनला वाहत! किती वाजले ते पाहायला म्हणून फोन हातात घ्यायचे आणि पाऊण तासाने खाली ठेवायचे. मग लक्षात यायचं की किती वाजले ते पाहायचंच राहिलं! जगाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या पेंग्विनने मोजे घातले तरी भिंगरावांना आधी कळायचं. घरातलं साखरेचं भांडं मात्र दुसऱ्या फळीवर गेलंय, हे त्यांना सहा महिन्यांनी कळलं.

तर हे सगळं सोडायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याला कारण घडलं होतं. मागच्या आळीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि खो खो हसत म्हणाले होते, "अहो, चष्मेवाल्याचाच नंबर वाढला की! फोन कमी करा."

"कमी करू कसा? बातम्या असतात, मेल असतात, गल्लीचा ग्रुप असतो."

डॉक्टरांनी आपला फोन पुढे केला. "हे बघा. हे एआय माझ्याऐवजी सगळं वाचतं. संध्याकाळी सातला मला दहा ओळी देतं. पाच मिनिटांत मी मोकळा! फक्त एक सांगतो, आपल्या माणसांचे निरोप मात्र याच्या—"

तेवढ्यात डोळ्यांत थेंब घातलेला एक पेशंट कपाटाला दार समजून आत शिरला. डॉक्टर तिकडे धावले, आणि ते वाक्य अर्धवटच राहिलं.

भिंगरावांनी घरी येऊन सगळी जोडणी केली. 'कोणाकोणाचे संदेश वाचू?' असं एआयने विचारलं. खाली भली मोठी यादी होती. एकेका नावापुढे टिचकी मारत बसायचं म्हणजे पुन्हा फोनवर तासभर! ते तर आपल्या व्रताच्या विरुद्धच झालं. त्यांनी सगळ्यांत वरचं 'सर्व' दाबलं आणि फोन दुकानाच्या खणात बंद करून टाकला.

पहिल्या संध्याकाळी सातला खण उघडला. जगातल्या बातम्या चार ओळींत. गल्लीच्या ग्रुपवरच्या दोनशे बारा संदेशांचा सारांश असा: 'उद्या पाणी उशिरा येईल. बाकी शुभेच्छा.'

"वा!" भिंगराव मोठ्याने म्हणाले. "याला म्हणतात सुटका!"

काही गोष्टी जरा चमत्कारिक होत्या, नाही असं नाही. त्यांचा शाळेतला मित्र रोज एक विनोद पाठवायचा. त्याच्या नावापुढे आता यायचं: 'मित्राने विनोद पाठवला आहे. विषय: हत्ती व मुंगी. आशय: आकारमानातील फरक.' भिंगराव जरा वेळ वाट पाहायचे. हसू यायचं नाही. मग ते सुचवलेल्या उत्तरांपैकी 'हाहाहा' दाबून मोकळे व्हायचे.

पण वेळ! वेळ किती सापडला म्हणून सांगू! दुपारी तीनच्या सुमारास दुकानात ऊन यायचं. काचेच्या मांडणीवर ठेवलेल्या शेकडो भिंगांमधून ते गाळून निघायचं आणि छतावर रंगीत ठिपके पडायचे. रस्त्यावरून सायकल गेली की सगळे ठिपके एकदम दचकायचे आणि पुन्हा जागेवर येऊन बसायचे. वीस वर्षं हे चालू होतं आणि भिंगरावांनी आज पाहिलं! ते खुर्चीत मागे रेलून तासन्‌तास छताकडे पाहत. गिऱ्हाईक आलं तरी दोन मिनिटं तेही वर पाहत उभं राहायचं. घरी आल्यावर ते पायरीवर बसत. संध्याकाळचा वारा गल्लीच्या एका टोकाने यायचा, वाळत घातलेल्या चादरी एकामागोमाग एक फुगवत दुसऱ्या टोकाने जायचा. सगळं जग कसं सावकाश, मऊ, धुतल्यासारखं झालं होतं. 'माणसात येणं ते हेच!' असं त्यांना वाटायचं आणि डोळे मिटायचे.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. ती वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. आयुष्य जाड जाड पुस्तकांत गेल्यामुळे तिला दोन ओळींत काही सांगणं जमायचंच नाही. निरोपसुद्धा ती पत्रासारखा लिहायची, स्वल्पविराम देऊन, परिच्छेद पाडून. बहिणीकडे तर काय, निवांतपणाच निवांतपणा! रोज दुपारी साठ-सत्तर ओळी यायच्या. खिडकीतल्या झाडावर कोणता पक्षी बसला, बहीण कुबड्या घेऊन कशी नाचून दाखवते, जिन्यात कसला वास येतो, आणि त्या वासाने तिला लग्नानंतरचं पहिलं घर कसं आठवलं.

भिंगरावांना त्यातलं मिळायचं ते असं: 'पत्नी: बहिणीची प्रकृती सुधारते आहे. जेवण झाले का, अशी विचारणा.' खाली उत्तर तयार. 'होय.' ते दाबायचे. शेजारी 'मूळ संदेश पाहा' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं. तिकडे त्यांनी बोट म्हणून नेलं नाही. व्रत म्हणजे व्रत!

बाराव्या दिवशी दुपारी बायको जेवून जरा आडवी झाली आणि तिला एक स्वप्न पडलं. उठल्याउठल्या तिने लिहायला घेतलं. ते असं सुरू होत होतं: 'अहो, आत्ता काय स्वप्न पडलं म्हणून सांगू! आपलीच बैठकीची खोली, पण भिंती निळ्याशार, आणि खाली जमिनीकडे हिरवट होत गेलेल्या, तळ्यातल्या पाण्यासारख्या. घराला एक दार नाही! खोलीच्या मधोमध होडी. होडीत कोण बसलंय? तर आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, सोललेली काकडी खात! आणि छताला मासे टांगलेले, सगळे डोळे मिटून झोपलेले…' असं ते बरंच पुढे गेलं होतं.

संध्याकाळी सातला भिंगरावांनी खण उघडला.

'पत्नी: घरासंबंधी तपशील. बैठकीची खोली निळी (तळाशी हिरवट). दारे काढणे. होडी एक, बैठकीत ठेवणे. मुख्याध्यापिकाबाईंना होडीत बसवणे. काकडी (सोललेली). छताला मासे, झोपलेले. मुदत: नमूद नाही.'

'स्वप्न' हा शब्द तेवढा गळला होता. एवढ्या सगळ्या मजकुरात एक शब्द म्हणजे काय मोठंसं!

भिंगरावांनी ते तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, "का?" आणि लगेच त्यांनी जीभ चावली. कारण हा प्रश्न त्यांना फार महागात पडलेला होता. अठरा वर्षांत बायकोने तीन वेळा म्हटलं होतं, "या मातकट भिंतींचा कंटाळा आलाय, रंग बदलू या." तिन्ही वेळा भिंगरावांनी फोनवरून नजर न काढता आधी "का?" आणि मग "बघू" असं म्हटलं होतं. चौथ्यांदा तिने विचारलंच नव्हतं. ते न विचारणं भिंगरावांना आज, या मोकळ्या सावकाश संध्याकाळी, एकदम आठवलं.

'आता प्रश्न विचारायचा नाही,' त्यांनी ठरवलं. 'तिला होडी हवी आहे ना? मग होडी!'

सुचवलेलं उत्तर होतं: 'नोंद घेतली आहे. कार्यवाही सुरू करत आहे.' त्यांनी दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला.

"निळा? बैठकीत?"

"हो. आणि खालून हिरवट होत जाणारा."

"म्हणजे शेवाळल्यासारखा?"

"तसंच काहीतरी."

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला. "वहिनींना विचारलंत का?"

"वहिनींनीच सांगितलंय!"

"मग माझं काही म्हणणं नाही," असं म्हणून त्याने डबा उघडला.

चार दिवस तो रंगवत होता. आधी रुसून, मग रंगात येऊन. चौथ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "साहेब, या कोपऱ्यात जरा उजेड पडल्यासारखा दाखवू का? पाण्यात पडतो तसा?" भिंगराव आणि तो रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून ओल्या भिंतींकडे पाहत राहिले. आवाजसुद्धा खालच्या पट्टीत आले, बुडी मारलेल्या माणसांसारखे.

इकडे बायकोला चैन पडत नव्हतं. एवढं मोठं स्वप्न सांगितलं आणि उत्तर काय, तर 'नोंद घेतली आहे'! तिने लिहिलं, 'अहो, बरे आहात ना? हे असं काय लिहिता सरकारी?' भिंगरावांना मिळालं: 'पत्नी: प्रकृतीची चौकशी.' उत्तर गेलं: 'प्रकृती उत्तम. काम प्रगतिपथावर आहे.' तिने घाबरून विचारलं, 'कसलं काम?' सारांश आला: 'पत्नीला कामाच्या प्रगतीत रस आहे.'

"रस आहे!" भिंगराव रंगाऱ्याला म्हणाले. "बघा, किती उत्सुक आहे!" आणि उत्तर पाठवलं: 'आल्यावर पाहालच.'

मग तिने फोन केले. चार केले. खणात बंद असलेला फोन आतल्या आत घुमत राहिला. सातला सारांश होता: 'पत्नीचे चार कॉल सुटले. बहुधा प्रगतीची चौकशी.' भिंगरावांचा हात उलटा फोन करायला शिवशिवला. पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. दोन वाक्यांत तोंडून होडी फुटली असती! एवढी गंमत करायची ती फुकट घालवायची? त्यांनी मन घट्ट केलं आणि खण लावला.

होडीसाठी ते तळ्यावर गेले. नावाडी काठावर उताणा पडून ढग पाहत होता.

"होडी? घरात?" तो न उठताच म्हणाला. "पाणी शिरलंय का?"

"नाही."

"शिरणार आहे?"

"नाही हो!"

"मग ती पलीकडची न्या. ती तशीही पाण्यात टिकत नाही."

चौघांनी खांद्यावर घेतलेली होडी भर दुपारी रस्त्याने निघाली. ऊन होतं, लोक जेवून सुस्तावलेले होते, कोणी फारसं बोललंसुद्धा नाही. होडी लोकांच्या डोक्यांवरून तरंगत, चादरी चुकवत, खिडक्यांतल्या माणसांच्या समोरून संथपणे गेली. केशकर्तनालयात दाढी करून घेणाऱ्या एका गृहस्थाने तिला आरशात पाहिलं आणि डोळे पुन्हा मिटून घेतले.

घराशी आल्यावर घोटाळा झाला. होडी दारातून जाईना. आडवी केली, उभी केली, तिरकी केली. नावाड्याने कपाळाला हात लावला. आणि भिंगरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला!

"दारे काढणे!" ते ओरडले. "अरे, तिने आधीच सांगून ठेवलंय! केवढी दूरदृष्टी! चारशे मैलांवरून बाईने चौकट मोजली!"

दार चौकटीसकट काढलं. होडी आत गेली. मग यादीत 'दारे' असं अनेकवचन होतं म्हणून आतलीही सगळी काढली. वारा आता घरात कुठूनही यायचा आणि कुठूनही जायचा.

झोपलेले मासे करायला त्यांना दोन दिवस लागले. दुकानात टवके गेलेली, चुकीच्या नंबरांची, कोणी न नेलेली भिंगं पेटीभर पडून होती. त्यांनी ती माशांच्या आकारात घासली, प्रत्येकाला एक मिटलेला डोळा कोरला, आणि दोऱ्यांनी छताला टांगली. ऊन आत आलं आणि निळ्या भिंतींवर उजेडाच्या लाटा हलू लागल्या. भिंगराव शिडीवरच बसून राहिले. आपण हे केलं, यावर त्यांचा विश्वास बसेना. 'आणि हिला हे सुचलं कसं?' त्यांना वाटलं. 'अठरा वर्षं माझ्याशेजारी बसून ही हे असलं काहीतरी मनात वागवत होती, आणि मी पेंग्विन बघत होतो!'

उरल्या मुख्याध्यापिकाबाई.

बाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला तरी गल्लीतली मोठी मोठी माणसं त्यांना पाहून सदऱ्याची बटणं लावत. रंगारी त्यांचा विद्यार्थी, नावाडी त्यांचा विद्यार्थी, बायको तर होतीच. भिंगराव त्यांच्याकडे गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, आमच्या बैठकीत एक होडी आहे. तीत तुम्ही बसावं, अशी आमच्या घरच्यांची इच्छा आहे."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"किती वाजता?" बाईंनी विचारलं.

"अं? ती अजून यायची आहे. पण तुम्हाला जेव्हा—"

"चार वाजता येईन. सराव लागतो."

"आणि… काकडी चालेल का? सोललेली?"

"सोललेली असेल तर चालेल."

बाई चारला आल्या. छत्रीसकट होडीत चढल्या, मधल्या फळीवर ताठ बसल्या, काकडी घेतली, आणि माशांकडे पाहत सहा वाजेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "बरं आहे." दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा आल्या. त्यांना इतक्या वर्षांत कोणी कुठे बसायला बोलावलंच नव्हतं.

त्याच दिवशी बायकोने शेजारच्या वहिनींना फोन केला. "वहिनी, जरा आमच्याकडे डोकावता का? हे काहीतरी विचित्रच उत्तरं देतात हो. बरे आहेत ना?"

वहिनी गेल्या. दार वाजवायला हात वर केला तर दार नव्हतं! आत पाण्याखालचं जग. शिडीवर भिंगराव, हातात आणखी एक नवा मासा, तोंडाने गुणगुणत. होडीत मुख्याध्यापिकाबाई, ताठ. वहिनी पाऊल न वाजवता मागे फिरल्या.

"बरे आहेत," त्यांनी फोनवर सांगितलं. "म्हणजे, आनंदात आहेत अगदी. पण तू ये."

बायको दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन थडकली. बहिणीला शेजाऱ्यांवर सोपवलं होतं, वाटेत तीन वेळा गाडी बदलली होती, आणि मनात नको नको ते येऊन गेलं होतं. उंबरठ्याशी आली आणि थबकली.

चार वाजून गेले होते. ऊन तिरकं होऊन आत आलं होतं. भिंती निळ्याशार, खाली हिरवट होत गेलेल्या. मासे डोळे मिटून जागच्या जागी डुलत होते आणि भिंतींवर उजेड हलत होता. बॅग तिच्या हातातून केव्हा खाली टेकली ते तिला कळलं नाही. क्षणभर तिला वाटलं, आपण अजून बहिणीकडे आहोत, दुपार आहे, आणि डोळा लागला आहे.

"आवडलं?" शिडीवरून भिंगराव ओरडले. "लवकर आलीस! एक मासा राहिलाय अजून!"

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे काय आहे?"

"काय म्हणजे? तूच तर सांगितलंस!"

"मी? कधी?"

"सगळं सांगितलंस! निळा रंग, दारं, होडी! बाईसुद्धा आणल्यात बघ!"

"नमस्कार, बाई," ती सवयीने म्हणाली.

"ये," बाई म्हणाल्या.

"अहो, ते स्वप्न होतं!"

भिंगराव शिडीवर होते तिथेच राहिले. हातातला मासा फिरत होता.

"स्वप्न?"

"मला पडलेलं स्वप्न! मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं! तुम्ही वाचलं नाहीत?"

आता सांगणं भाग होतं. भिंगराव एकेक पायरी उतरले आणि एकेक गोष्ट सांगत गेले. डॉक्टर, एआय, खण, 'सर्व', सात वाजता. ती ऐकत होती. 'नोंद घेतली आहे' आपल्या नवऱ्याने लिहिलंच नव्हतं हे कळल्यावर तिला आधी हायसं वाटलं, आणि त्यामागोमाग संताप आला.

"म्हणजे मी बावीस दिवस कोणाला लिहीत होते?"

भिंगरावांनी हातातला मासा होडीच्या काठावर ठेवला.

"आणा तो फोन. मूळ संदेश उघडा. आणि वाचा, माझ्यासमोर."

"मोठ्याने," होडीतून बाई म्हणाल्या. "आणि स्पष्ट."

भिंगराव कोपऱ्यावर जाऊन खणातला फोन घेऊन आले आणि भर खोलीत, माशांखाली उभे राहून वाचू लागले. भिंती आल्या, दारं आली, होडी, काकडी, मासे, सगळं ओळीने आलं. इथवर ते धिटाईने वाचत होते. मजकूर मात्र संपला नव्हता.

"…होडी हळूहळू घरभर फिरते आहे. स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, पुन्हा बैठकीत. मी तुम्हाला हाका मारते आहे. दारंच नाहीत, म्हणजे तुम्ही कुठे आत बसलेले नसणार. पण तुम्ही कुठेच दिसेनात. मी बाईंना विचारलं, तर बाई म्हणाल्या, 'तो गैरहजर आहे.'"

"बरोबरच म्हणाले मी," बाई म्हणाल्या.

भिंगरावांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "…आणि मला असं रडू फुटलं की हुंदक्यानेच जाग आली. वेडेपणा आहे, कळतंय मला. पण हे वाचलंत की लगेच फोन करा. काही सुचलं नाही तर काही बोलू नका. नुसतं हॅलो म्हणा."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. सगळे मासे एकदम थरथरले आणि पुन्हा स्थिर झाले.

बावीस दिवसांत एवढा वेळ मोकळा मिळाला होता, आणि एक शब्द बोलायला त्यांना दहा दिवस उशीर झाला होता! काय बोलावं ते भिंगरावांना सुचेना. माफी मागावी, तर ती या खोलीत फार लहान वाटली असती. त्यांनी फोन खाली ठेवला, चष्मा काढला, बायकोकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"हॅलो," ते म्हणाले.

तिने ओठ दाबून धरले. हसू येतंय की रडू, हे तिलाही ठरवता येईना. शेवटी दोन्ही एकदमच आलं. तिने चप्पल काढली, होडीच्या काठाला धरून आत चढली आणि बाईंच्या समोरच्या फळीवर बसली.

"सरका जरा," ती नाक पुसत म्हणाली, "आणि तुम्हीही या. स्वप्नात नव्हतात, निदान इथे तरी बसा!"

भिंगराव बसले. होडी करकरली. बाईंनी दोघांना काकडी दिली.

त्यानंतर घरात बरीच आवराआवर झाली. दारं पुन्हा बसली. एआय काही भिंगरावांनी टाकून दिलं नाही. दोनशे बारा शुभेच्छा कोण वाचणार? पण यादीतून बायकोचं नाव काढलं, मित्राचं काढलं, आणि मुंगीच्या एका जुन्या विनोदाला चौदा दिवस उशिरा इतके हसले की गिऱ्हाईक निघून गेलं. बायकोचे सगळे निरोप त्यांनी पहिल्यापासून वाचले. एका ठिकाणी थांबून विचारलं, "तो जिन्यातला वास म्हणजे रॉकेलचा का गं? आपल्या त्या पहिल्या घरातल्यासारखा?" त्याच दिवशी भिंतींचा रंग बदलायचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. मला आवडलाय."

होडी मात्र परत द्यायची होती. नावाडी न्यायलाही आला. पण नेमके चार वाजले होते, आणि बाई आत बसलेल्या होत्या. बाईंना उठा म्हणायची त्याची छाती झाली नाही. भिंगरावांचीही नाही. बायको तर स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. नावाडी बटण लावून परत गेला.

त्या दिवशी बाई पहिल्यांदाच चार शब्दांपलीकडे बोलल्या. भिंगरावांना समोरच्या फळीवर बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला आता ऐकायची सवय लावायची आहे ना? ऐका. मी माझं आयुष्य सांगते." आणि त्यांनी आपल्या जन्माच्या आदल्या दिवशीपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी भिंगरावांनी चाचरत विचारून पाहिलं, "बाई, थोडक्यात…" बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. तेव्हापासून ते रोज चारला होडीत बसतात, हाताची घडी घालून, एक शब्द न गाळता ऐकतात.

आज नववा दिवस. बाई काल सात वर्षांच्या झाल्या.